रीत कुठे आहे?

पेपर हातात पडले. आता पहिल्या पानावरचा लाल आकडा शेजारच्याच्या आकड्याशी ताडून बघणं बंद करा आणि आतली पानं उघडा. पूर्वपरीक्षा घेतली ती मार्चच्या आधी तुमच्या डोक्यात गणित कसं चालतं ते मला दिसावं म्हणून. निम्म्या पेपरांत मला ते दिसलं नाही, कारण तुम्ही ते दाखवलंच नाही. मला राग आला आहे आणि तो मी गिळणार नाही. वर्गात बोललेलं या कानाने ऐकून त्या कानाने सोडता, म्हणून लिहून काढलं आहे. हे घरी न्या. हेदवीतल्या ज्या ज्या घरी दहावीचं पोर आहे तिथे हे वाचलं जावं. माझ्या पेशातल्या मंडळींनीही वाचावं, त्यांच्याही वाट्याचं यात आहे.

चौथ्या प्रश्नातलं वाडीचं गणित घ्या. नारळीच्या वाडीचा आयताकृती तुकडा, लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त, क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर, तर लांबी-रुंदी काढा. गुण चार. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी एकच ओळ लिहिली: रुंदी ७ मीटर, लांबी १२ मीटर. खाली दोन रेघा ओढल्या आणि पुढच्या प्रश्नाला लागले. मी एक गुण दिला. मधल्या सुट्टीत घोळका करून आलात, "बाई, उत्तर तर बरोबर आहे ना?"

आहे. मग काय झालं? ८४ चे अवयव तुमच्या पाठांतरात होते, त्यातली ५ च्या फरकाची जोडी दिसली, ती उचलून ठेवली. अंदाज करणं हा गुन्हा नाही, मोठे गणितीही आधी अंदाजच करतात. पण अंदाज सापडल्यावर काम सुरू होतं, तिथे तुम्ही पेन खाली ठेवलं. दुसरं उत्तर असू शकत नाही हे कशावरून? रुंदी क्ष मानली की क्ष² + ५क्ष − ८४ = ० हे समीकरण मिळतं. त्याचे अवयव (क्ष − ७) आणि (क्ष + १२). म्हणजे उत्तरं दोन आली, ७ आणि −१२. त्यातलं दुसरं का सोडलं? रुंदी ऋण नसते म्हणून. ही एवढीशी ओळ ज्यांनी लिहिली त्यांना पूर्ण गुण आहेत. ज्यांनी समीकरण मांडलं, दोन्ही मुळं काढली आणि −१२ मुकाट्याने गाळून टाकलं, त्यांचाही अर्धा गुण गेला आहे. हातात आलेलं उत्तर तुम्ही टाकून देता, तर का टाकलं हे सांगायला बांधील आहात.

आता त्याच गणितात ८४ च्या जागी ८५ घाला. करा अंदाज. पाच मिनिटं देते, दहा देते. पूर्णांकांची जोडी मिळणार नाही. समीकरण मांडता येणारा मुलगा सूत्र वापरेल, विवेचक ३६५ काढेल आणि रुंदी साधारण ७.०५ मीटर आहे हे सांगेल. एका ओळीत उत्तर लिहिणारा तिथेच बसून राहील. एका चौरस मीटरच्या फरकाने ज्याचं ज्ञान संपतं त्याला चारपैकी चार गुण मी कुठल्या तोंडाने देऊ?

उत्तर बरोबर आलं म्हणजे गणित आलं, ही समजूत डोक्यातून काढून टाका. फळ्यावर मी १६/६४ लिहिलं होतं, आठवतं? वरचा ६ आणि खालचा ६ खोडला, उरलं १/४. उत्तर अगदी बरोबर. रीत शुद्ध मूर्खपणाची. तीच रीत १३/३९ ला लावा. दोन्ही ३ खोडा, १/९ येतं. खरं उत्तर १/३ आहे. पहिल्या वेळी उत्तर जुळलं हा योगायोग होता, आणि परीक्षकाने फक्त शेवटची ओळ पाहिली असती तर त्याने त्या योगायोगाला गुण दिले असते, आणि मुलाला आयुष्यभरासाठी एक चुकीची गोष्ट पक्की करून दिली असती.

याच्या उलट एक पेपर आहे. मुलीचं नाव घेत नाही. तिने दोन समीकरणं नीट मांडली, एक चल घालवला, किंमत घातली, आणि मधे सात आठे चोपन्न लिहिलं. तिथून पुढचं सगळं त्या चोपन्नाशी इमान राखून केलेलं आहे. उत्तर चुकलं. तिला चारपैकी तीन दिले. चूक एका जागी झाली, एकदाच कापली. छप्पनऐवजी चोपन्न लिहिलं याबद्दल तिने आठचा पाढा दहा वेळा लिहायचा आहे, तो वेगळा हिशेब. पण तिला समीकरण सोडवता येतं हे त्या पानावर लख्ख दिसतं.

यावरून एक पालक तावातावाने शाळेत आले. ज्याचं उत्तर बरोबर त्याला एक, ज्याचं चूक त्याला तीन, हा कुठला न्याय? मी त्यांना विचारलं, तुम्ही मुंबईहून गावच्या घरासाठी पैसे पाठवता. गवंड्याने नुसतं "साडेसहा लाख" असं कागदावर लिहून दिलं तर पाठवाल? चिरे किती, वाळू किती, मजुरी किती, कौलांचे किती, सगळं ओळीओळीने मागाल. बेरजेत शंभराची चूक निघाली तर दुरुस्त करून घ्याल, गवंडी बदलणार नाही. नुसता आकडा देणाऱ्याला मात्र दारात उभं करणार नाही. मग मुलाच्या बाबतीत हिशेब न मागता आकड्यावर का खूश होता? घरी पेपर आला की "किती पडले?" एवढंच विचारता. एकदा "हे कसं केलंस, मला समजावून सांग" असं विचारा. तुम्हाला दहावीचं गणित येत नसलं तरी चालेल. समोरचा सांगताना कुठे अडखळतो ते अडाण्यालाही कळतं.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त संताप आला तिच्याकडे येते. काही पेपरांत वरच्या ओळीत ४८ आहे आणि खालच्या ओळीत ३६. मधे काहीही नाही. ना वजाबाकी, ना भागाकार. ३६ हे बरोबर उत्तर आहे. ते कुठून आलं? शेजारून आलं, किंवा शृंगारतळीहून आणलेल्या गाईडच्या मागच्या पानावरून आठवलं. तुमच्या स्वतःच्या रीतीने तुम्हाला ४८ वर आणून सोडलं होतं. ४८ लिहिला असता तर मी वर जाऊन चूक शोधली असती, जिथवर बरोबर होतं तिथवर गुण दिले असते. तुम्ही ३६ घुसडलात. ही चूक नाही, हे खोटं आहे. चूक करणारा विद्यार्थी माझा आहे, त्याच्यासाठी मी शाळा सुटल्यावर थांबेन. खोटं लिहिणाऱ्याशी मी काय बोलू? त्या प्रश्नाला शून्य दिलं आहे, आणि ते बदलणार नाही.

याचंच सभ्य भावंड म्हणजे गुणांसाठी रचलेल्या पायऱ्या. सूत्र लिहिलं की अर्धा गुण मिळतो, असं कुणीतरी क्लासमध्ये सांगितलेलं असतं. मग गणित अंकगणिती श्रेढीचं असो की नसो, वर सूत्र टांगलेलं. त्यात ना किंमत घातलेली, ना त्याचा पुढे उपयोग. "दिलेले आहे", "सिद्ध करायचे आहे", "समजा" अशी शीर्षकं ओळीने आणि खाली रिकामी जागा. रीत म्हणजे देवळाबाहेरची कमान आहे असं तुम्हाला वाटतं का? मी त्या सूत्राला शून्य दिलं आहे. ज्या ओळीतून पुढची ओळ निघत नाही ती ओळ रीत नव्हे.

कृतीच्या प्रश्नांचंही तेच. बोर्डाच्या ४० गुणांच्या पेपरात बहुपर्यायी प्रश्नांना फक्त ४ गुण आहेत. ७ गुणांच्या कृती असतात, त्यांत रीत बोर्डाने स्वतःच छापून दिलेली असते आणि तुम्हाला चौकटी भरायच्या असतात. तिथेही वरची ओळ न वाचता चौकटीत आकडे कोंबता. एकाने संभाव्यतेच्या चौकटीत ५/३ लिहिलं आहे. संभाव्यता एकापेक्षा जास्त! दुसऱ्या एका पेपरात गृहीतमध्य पद्धतीने काढलेला मध्य ६८ आला आहे, आणि कोष्टकातला सगळ्यात मोठा वर्ग ५०–६० आहे. सगळे जण साठाच्या आत आणि सरासरी अडुसष्ट. हे लिहिताना हात थांबला कसा नाही? तुमच्या आजोबांनी चौथीपर्यंतच शिकून दुकानाच्या वह्या सांभाळल्या, पण ताळा केल्याशिवाय पान उलटलं नाही. ताळा करायला गुण नसतात म्हणून तुम्ही तो सोडून दिलात.

भूमितीच्या प्रश्नपत्रिकेवर दरवर्षी सूचना छापलेली असते की रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात, त्या पुसू नयेत. तुम्ही नेमक्या त्याच पुसता. कंपासचे कंस घाण दिसतात म्हणे. काही जणांच्या कागदावर तर कंस कधी काढलेच नव्हते, पट्टी सरकवत सरकवत स्पर्शिका डोळ्यांनी बसवली आहे आणि ती दिसते बरोबर जागी. मला तिथे स्पर्शिका नको होती. वर्तुळाबाहेरच्या बिंदूपासून ती कशी सापडते हे तुमच्या कंपासने सांगायला हवं होतं.

दरवर्षी दोन सबबी ऐकते, यंदाही ऐकल्या. पहिली, टिळक तोंडी गणितं सोडवायचे. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांची ती गोष्ट तुम्हाला पाठ आहे, पण पुढचं कुणी वाचत नाही. त्याच टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' लिहिलं. वेदांचा काळ किती जुना हे आकाशातल्या नक्षत्रांवरून ठरवायला निघालेला तो माणूस नुसतं साल सांगून गप्प बसला नाही. वसंतसंपात कुठे होता, कोणत्या वचनावरून ते कळतं, त्यातून किती वर्षं निघतात, हे पायरीपायरीने जगापुढे ठेवलं, म्हणजे ज्याला खोडायचं असेल त्याला नेमकी पायरी दाखवून खोडता यावं. ज्याचं डोकं एवढं चालत होतं त्यालाही रीत लिहावी लागली.

दुसरी सबब रामानुजन. त्यांच्या वह्यांत सिद्धता नव्हत्या, नुसते निष्कर्ष होते, हे खरं. पण म्हणूनच पुढे काय झालं ते ऐका. ब्रूस बर्न्ट नावाच्या अमेरिकी गणितज्ञाने त्या वह्यांतल्या विधानांच्या सिद्धता जमवून पाच खंड काढले, १९८५ ते १९९८ पर्यंत ते काम छापून होत होतं. एका माणसाने न लिहिलेली रीत शोधण्यात दुसऱ्याची उमेदीची वर्षं गेली. आणि मूळ संख्यांविषयी रामानुजनने केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना कळवलेल्या काही गोष्टी चुकीच्या निघाल्या. एवढ्या प्रतिभेच्या माणसाचाही अंदाज रीतीशिवाय तिथे घसरला. तुम्ही रामानुजन नाही. आणि असलात, तर तुमच्यामागे पाच खंड लिहायला मी बसणार नाही.

फर्माचं शेवटचं प्रमेय तुम्ही नुसतं ऐकलं असेल. १६३७ च्या सुमारास फर्माने ते पुस्तकाच्या समासात लिहून ठेवलं आणि सिद्धता मागे ठेवली नाही. अँड्र्यू वाइल्स या इंग्रज गणितज्ञाने जून १९९३ मध्ये केंब्रिजला ती सापडल्याचं जाहीर केलं, जगभर बातम्या आल्या. मग तपासणाऱ्यांना एका पायरीत भोक सापडलं. विधान खरं होतं, जवळपास सगळ्यांना ते खरंच वाटत होतं, तरी कुणी म्हणालं नाही की उत्तर बरोबर आहे, देऊन टाका गुण. वाइल्स सप्टेंबर १९९४ पर्यंत त्या एका पायरीशी झगडत राहिला, रिचर्ड टेलरला बरोबर घेऊन भोक बुजवलं, १९९५ मध्ये सिद्धता छापली गेली आणि तेव्हा जगाने मान डोलावली.

आणि हे परदेशातलं म्हणून सांगत नाही. आपल्याच कोकणपट्टीवर, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात गणेश दैवज्ञ होऊन गेले. 'ग्रहलाघव' त्यांचं, ज्याच्यावर पंचांगकर्त्यांनी शतकानुशतकं गणित केलं. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० ची. नियम आणि उदाहरणं त्यात श्लोकांत बांधलेली आहेत. गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये तिच्यावर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि ते नियम खरे का आहेत याच्या उपपत्ती दिल्या. कर्णाच्या वर्गाच्या नियमाची त्यांनी दोन प्रकारे उपपत्ती दिली आहे. त्यातली एक काटकोनातून कर्णावर लंब टाकून समरूप त्रिकोणांनी जाते. तुमच्या भूमितीच्या पुस्तकात पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता उघडून बघा, तोच लंब, तेच समरूप त्रिकोण. उत्तर चारशे वर्षं लोकांच्या तोंडी होतं, नियम वापरला जात होता, कुणाचं अडलं नव्हतं. तरी नांदगावच्या या माणसाला "का?" लिहून ठेवावंसं वाटलं. आणि तुम्ही, चार गुणांसाठी पाच ओळी लिहायला सांगितलं तर तुमचा हात दुखतो.

वाशिष्ठीच्या पलीकडे दापोली तालुक्यातलं मुर्डी. तिथला मुलगा रघुनाथ परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचा, झाला; हा मान मिळवणारा पहिला भारतीय. त्या परीक्षेत गोल काळे करायचे नव्हते, सिद्धता लिहायच्या होत्या. खेड्यातून आल्याचं रडगाणं माझ्यापुढे गाऊ नका.

"पण बाई, पुढे सीईटीला रीत कोण विचारतं?" कोणी नाही विचारत. ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, एकेकाला २ गुण, चार पर्याय. ते पर्याय कसे तयार होतात माहीत आहे? नेहमीच्या चुका करून जी उत्तरं येतात तीच बरोबर उत्तराच्या शेजारी मांडलेली असतात. चिन्ह चुकवलंत तर तुमचं चुकीचं उत्तर तिथे तुमची वाट बघत बसलेलं असतं आणि तुम्ही आनंदाने ते निवडता. मनातल्या मनात झरझर करता येण्यासाठी ती रीत आधी कागदावर शेकडो वेळा नीट उतरलेली असावी लागते.

उत्तर चुकलं तरी चालतं, असं मात्र मी म्हणत नाही, हे नीट ऐका. सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोचून नष्ट झालं, कारण एका बाजूची आकडेमोड पाउंडांत होती आणि दुसऱ्या बाजूने ती न्यूटनमध्ये आहे असं धरलं. तुमच्यातले अर्धे लोक 'चौरस मीटर' लिहायचं टाळतात. त्याचा अर्धा गुण कापला आहे, त्याबद्दल कुणीही माझ्याकडे येऊ नये.

आता माझ्या सहकाऱ्यांशी. गठ्ठे मोठे असतात, तपासायला दिवस थोडे मिळतात, हे मला सांगू नका, मी तेच गठ्ठे उचलते. शेवटची ओळ नमुना उत्तराशी जुळली की बरोबरची खूण, नाही जुळली की फुली, असं तपासायचं तर शिक्षक कशाला, शिपाईही तपासेल. आणि याहून वाईट म्हणजे गाईडमधली रीत सोडून दुसरी रीत दिसली की ज्यांच्या अंगावर काटा येतो ते. एक पेपर माझ्यासमोर आला. पहिल्या रांगेत २० खुर्च्या, पुढच्या प्रत्येक रांगेत २ जास्त, अशा ३० रांगा, एकूण खुर्च्या किती? मुलीने लिहिलं होतं: शेवटच्या रांगेत ७८. पहिली आणि शेवटची मिळून ९८. दुसरी आणि शेवटून दुसरी, तरी ९८. अशा १५ जोड्या, म्हणून १४७०. सूत्र कुठेच नव्हतं. तपासणाऱ्याने तीनपैकी एक गुण दिला होता, शेजारी शेरा, "सूत्र लिहिले नाही". अहो, सूत्र ज्या विचारातून जन्माला येतं तो विचार ती पोर स्वतः करून बसली होती! ज्या दिवशी वर्गात असा पेपर येतो त्या दिवशी शिक्षकाने पेढे वाटावेत. शेवटी तिला तीनपैकी तीन मिळाले. ती मुलगी पुन्हा कधी स्वतःचं डोकं चालवील की सूत्राच्या आडोशाला बसेल, हे त्या एका लाल शेऱ्यावर ठरणार होतं. प्रश्नातच क्रेमरची पद्धत वापरा म्हटलं असेल तर ती वापरलीच पाहिजे, तिथे रीत हाच प्रश्न आहे. बाकी ठिकाणी मूल कुठल्याही वाटेने आलं आणि वाट पक्की असली तर पूर्ण गुण द्या. वाट पक्की आहे की नाही हे बघायला डोळे लागतात आणि वेळ लागतो. तो द्या. त्याच्यासाठीच आपल्याला पगार आहे.

सोमवारी काय करायचं ते सांगते. ज्यांच्या वाडीच्या गणिताला दोनपेक्षा कमी गुण आहेत त्यांनी ते ८४ चं आणि ८५ चं, दोन्ही वहीत सोडवून आणायचं, शेवटी ताळा करून. ज्यांनी ४८ च्या खाली ३६ लिहिलं आहे त्यांनी ४८ जिथून आलं ती चुकलेली ओळ शोधायची आणि ती का चुकली हे वाक्यात लिहायचं. प्रत्येकाला मी दुसऱ्याचं सोडवलेलं एक गणित देईन, नाव झाकून. त्यात एक चूक असेल. उत्तराकडे न बघता वरून खाली वाचत यायचं, जिथे ओळीतून ओळ निघत नाही तिथे थांबायचं आणि समासात कारण लिहायचं. कच्चं काम पानाच्या उजव्या बाजूला, रेघ मारून. ते खोडायचं नाही. कंपासपेटी आणा, गाईड घरी ठेवा.